लहान तोंडी मोठा घास घेऊ द्या

मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
नवी दिल्ली.

महोदय,

11 ऑक्टोबर 2024 च्या संध्याकाळी तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या बोइंग 737 विमानाच्या हायड्रॉलिक यंत्रणेत उड्डाणानंतर थोड्याच वेळात बिघाड झाला. ते दोन तासांहून अधिक काळ शहराच्या परिसरात घिरट्या घालत राहिलं. आत 141 प्रवासी होते. खाली धावपट्टीशेजारी बंब आणि रुग्णवाहिका सज्ज होत्या, आणि देशभरातले लोक टीव्हीवर, मोबाइलवर नकाशात उमटणारी वेटोळी बघत होते. ‘उतरत का नाहीत?’ हा प्रश्न त्या संध्याकाळी घरोघरी विचारला गेला असेल. उत्तर साधं होतं. 737 ला इंधन हवेत सोडून देण्याची सोय नसते. भरल्या टाक्यांनी उतरायचं तर वजन जास्त, धावपट्टी जास्त लागणार आणि ज्या यंत्रणेवर बरंच काही अवलंबून तीच अधू झालेली. म्हणून इंधन जाळायचं, हलकं व्हायचं आणि मग टेकायचं. विमान रात्री आठच्या सुमारास सुखरूप उतरलं. वैमानिकांचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण अशा दोन तासांत कॉकपिटमध्ये कोण कोणाला काय म्हणतं आणि कोण गप्प राहतं, हे कुणी विचारलं नाही. मला आपल्याला लिहायचं आहे ते त्याविषयी.

धोक्याची घंटा वाजली की चांगला वैमानिक पहिली गोष्ट करतो ती म्हणजे घाई करत नाही. आधी विमान उडतं ठेवायचं, मग ते कुठे न्यायचं हे ठरवायचं आणि मग जगाला सांगायचं, हा क्रम जगभर शिकवला जातो. दोघांपैकी एक विमान उडवतो, दुसरा त्याच्यावर, यंत्रांवर आणि चेकलिस्टवर नजर ठेवतो. चेकलिस्ट मोठ्याने वाचायची असते, मनात नाही. इंजिनाचा इंधनपुरवठा तोडणाऱ्या कळीवर एकाने नुसता हात ठेवायचा, कोणत्या इंजिनाची कळ आहे ते तोंडाने म्हणायचं, दुसऱ्याने बघून दुजोरा द्यायचा आणि त्यानंतरच ती हलवायची. मग कॅप्टन केबिनच्या प्रमुखाला इंटरकॉमवर चार गोष्टी सांगतो: काय झालंय, आपण काय करणार आहोत, हाताशी वेळ किती आहे आणि वेगळं काही करायचंय का. केबिनप्रमुखाने त्या चारही जशाच्या तशा परत म्हणून दाखवायच्या. या सगळ्या सोपस्कारामागे एकच गृहीतक आहे: एकट्या माणसाच्या डोळ्यांवर आणि डोक्यावर, मग तो कितीही तयारीचा असो, विसंबायचं नाही. म्हणजेच सगळी भिस्त दुसऱ्याच्या आवाजावर. आपल्याकडे नेमका हाच आवाज दुबळा आहे आणि तो बळकट करणं आपल्या कार्यालयाच्या हातात आहे, असं माझं म्हणणं आहे.

आपल्या मराठीत धाकट्याने थोरल्याला चूक दाखवायची झाली तर आधी माफी मागण्याची रीत आहे: ‘लहान तोंडी मोठा घास घेतो, पण…’ दिवाणखान्यात ही रीत शोभून दिसते. कॉकपिटमध्ये तिच्यापायी माणसं गेली आहेत, आणि ती फक्त आपल्याकडेच गेलेली नाहीत.

28 डिसेंबर 1978 ची घटना घ्या. डेन्व्हरहून पोर्टलंडला येणारं युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-8 विमान, उड्डाण क्रमांक 173, आत 189 माणसं. उतरण्याआधी चाकं खाली सोडताना जोराचा दणका बसला, विमान उजवीकडे ओढलं गेलं आणि चाक पक्कं बसल्याचा हिरवा दिवा लागला नाही. यंत्रणेतला गंजलेला दांडा तुटून उजवं चाक धाडकन खाली आलं होतं. चाक जाग्यावर होतं, मोडला होता तो दिव्याचा स्विच. अनुभवी कॅप्टन चाकाची खातरजमा करण्यात आणि केबिन सज्ज करण्यात गुंतून गेला आणि विमान सुमारे तासभर आकाशात फिरत राहिलं. फ्लाइट इंजिनिअर अधूनमधून इंधनाचे आकडे सांगत होता. आणखी पंधरा मिनिटं थांबलो तर इंधन फारच खाली जाईल, हेही त्याने सांगितलं. पण ‘आता वळा, आत्ताच्या आत्ता उतरा’ असं ना तो म्हणाला, ना सहवैमानिक. आकडा सांगितला म्हणजे कर्तव्य झालं, निष्कर्ष साहेबांनी काढायचा! एकेक करत इंजिनं बंद पडली आणि विमान विमानतळापासून काही मैल अलीकडे झाडीच्या उपनगरात कोसळलं. आग लागली नाही, कारण जळायला इंधनच उरलं नव्हतं. दहा जण मेले, आणि त्यात तो फ्लाइट इंजिनिअरही होता. चौकशीचा ठपका कॅप्टनवर आला, पण तपास यंत्रणा तिथे थांबली नाही. इतर दोघांना आपली काळजी कॅप्टनपर्यंत पोचवता आली नाही, हेही तिने कारणांत नोंदवलं आणि धाकट्या वैमानिकांना ठामपणे बोलण्याचं प्रशिक्षण द्यावं अशी शिफारस केली. अपघाताच्या पुढच्याच वर्षी नासाने या विषयावर कार्यशाळा भरवली आणि 1981 पासून याच कंपनीने सगळ्या वैमानिकांसाठी असं प्रशिक्षण सुरू केलं. आज आपल्या नियमांत ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ म्हणून जे आहे त्याचा उगम तिथला.

त्या शिक्षणाची परीक्षा पोर्टलंडनंतर साडेदहा वर्षांनी झाली, तीही त्याच कंपनीच्या विमानात. 19 जुलै 1989 रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या डीसी-10 च्या शेपटीतल्या इंजिनाची चकती फुटली. तिच्या टायटॅनियममध्ये घडणीपासूनच दोष होता. तुकड्यांनी तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणांच्या नळ्या तोडल्या आणि विमानाचा एकही नियंत्रण-पृष्ठभाग हलेना. तिन्ही एकदम जातील हे कुणी गृहीतच धरलं नव्हतं, त्यामुळे त्यासाठी चेकलिस्टही नव्हती. प्रवाशांमध्ये त्याच कंपनीचा एक डीसी-10 शिकवणारा वैमानिक बसला होता. त्याने केबिन क्रूकडे निरोप दिला, क्रूने तो कॅप्टन अल हेन्स यांना पोचवला आणि हेन्स यांनी त्याला लगेच आत बोलावून घेतलं. दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान वळवण्याचं काम त्याच्याकडे सोपवलं. 44 मिनिटं चार माणसं एकमेकांना विचारत, खोडून काढत, सुचवत ते विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत घेऊन आली. उतरताना ते मोडलं. 296 पैकी 112 जण दगावले आणि 184 जण वाचले. नंतर सिम्युलेटरवर हा प्रसंग उभा करून पाहण्यात आला, तेव्हा असं उतरणं शिकवण्याजोगं नाही, इतकी त्यात अनिश्चितता आहे, असा निष्कर्ष निघाला. हेन्स उरलेल्या आयुष्यभर व्याख्यानांतून श्रेय देत राहिले ते त्या प्रशिक्षणाला आणि सोबतच्या माणसांना. दोन्ही घटना शेजारी ठेवा. पोर्टलंडला बिघाड होता एका दिव्याच्या स्विचचा, सू सिटीला अख्खं विमानच हाताबाहेर गेलं होतं. बिघाडाच्या आकारावर निकाल ठरत असता तर पोर्टलंडला कुणी मरायला नको होतं.

हे फक्त कॉकपिटच्या दारापर्यंत राहत नाही. 8 जानेवारी 1989 ला लंडनहून बेलफास्टला चाललेल्या 737 च्या डाव्या इंजिनाचं पातं तुटलं. धूर आणि हादरे सुरू झाले. वैमानिकांनी घाईत उजवं इंजिन दोषी ठरवलं आणि बंद केलं. योगायोगाने त्याच वेळी हादरेही कमी झाले, त्यामुळे त्यांचा समज पक्का झाला. कॅप्टनने प्रवाशांना सांगितलं की उजव्या इंजिनात बिघाड होता, ते बंद केलंय. मागे बसलेल्या कित्येक प्रवाशांनी डाव्या इंजिनातून ठिणग्या आणि ज्वाळा निघताना पाहिल्या होत्या, केबिन क्रूपैकी काहींनीही पाहिल्या होत्या. कॅप्टनचा ‘उजवं’ हा शब्द प्रवाशांना खटकला, पण दार ठोठावून ‘आग डावीकडे होती’ एवढं कुणी जाऊन सांगितलं नाही. उतरण्याच्या बेतात डावं इंजिन पुरतं गेलं आणि विमान केगवर्थ गावाजवळ महामार्गाच्या बांधावर आदळलं. 126 पैकी 47 जण गेले. वैमानिक आणि केबिन क्रू यांचे आणीबाणीचे सराव एकत्र व्हावेत, ही शिफारस त्या चौकशीतून आली. आपल्याकडे केबिन क्रूला भाषेनेच ‘हवाई सुंदरी’ करून ठेवलं आहे. जिच्या नावातच रूप आहे तिला इंजिनाबद्दल काही ठाऊक असेल असं कॅप्टनला वाटत नाही, प्रवाशाला वाटत नाही आणि हळूहळू तिलाही वाटेनासं होतं. दर 50 आसनांमागे किमान एक क्रू हवा, हा नियम चहा-सँडविच वेळेवर पोचावेत म्हणून केलेला नाही.

यावर हल्ली पहिला आक्षेप येतो तो यंत्रांच्या बाजूने. आता विमानं शहाणी झाली, कॉम्प्युटर बिघाड ओळखतो, उपाय सांगतो, तेव्हा माणसांच्या बोलण्या-न बोलण्याला किती महत्त्व द्यायचं? 4 नोव्हेंबर 2010 रोजी सिंगापूरहून सिडनीला निघालेल्या क्वांटसच्या ए380 चं दोन नंबरचं इंजिन फुटलं आणि तुकड्यांनी डाव्या पंखातल्या तारा आणि टाक्या चिरल्या. 469 जण आत होते. पडद्यावर बिघाडांच्या सूचनांची रांग लागली, एक निस्तरेपर्यंत पुढची हजर. कॉकपिटमध्ये त्या दिवशी योगायोगाने पाच वैमानिक होते. त्यांनी सुमारे पन्नास मिनिटं एकेक सूचना वाचली, तिच्यावर विश्वास ठेवायचा का हे ठरवलं आणि मगच हात चालवला. इंधन एका टाकीतून दुसरीकडे घेण्याबाबत त्यांनी पाऊल मागे घेतलं, कारण ज्या वाटेने ते न्यायचं तीच धड आहे की नाही याची खात्री नव्हती. पंखातून काहीतरी गळतंय हे कळलं ते कसं? पाहणीसाठी केबिनमध्ये आलेल्या एका वैमानिकाला प्रवाशांत बसलेल्या त्याच कंपनीच्या दुसऱ्या वैमानिकाने सीटमागचा पडदा दाखवला. त्यावर शेपटीवरच्या कॅमेऱ्याचं चित्र चालू होतं, प्रवाशांच्या करमणुकीसाठी लावलेलं! विमान धावपट्टी संपायला जेमतेम दीडशे मीटर उरलेले असताना थांबलं. एक इंजिन बंदच होईना, ब्रेक तापलेले, खाली इंधन गळतंय. तरी घसरगुंड्या सोडून पळापळ करण्यापेक्षा आत थांबणं बरं, हा निर्णयही चर्चेतून झाला. प्रवासी जिन्याने उतरले. कुणालाही इजा झाली नाही. यंत्राने माहिती भरपूर दिली. तिच्यातली कोणती खरी धरायची, हे मात्र माणसांनी एकमेकांशी बोलून ठरवलं.

आता आपल्या घरी या. 22 मे 2010 ला मंगळूरला विमान डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून खाली कोसळलं, 158 जण गेले. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या, असं तीनदा सांगितल्याचं चौकशीत निघालं. दहा वर्षांनी, 7 ऑगस्ट 2020 च्या पावसाळी रात्री कोळिकोडला तसाच डोंगरमाथा. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा काचेवरचा वायपर 27 सेकंद चालून बंद पडला, विमान वर गेलं आणि दुसऱ्या बाजूने, मागून वारा घेत, पुन्हा उतरायला आलं. 8858 फुटांच्या धावपट्टीवर ते टेकलं तेव्हा जवळजवळ निम्मी संपली होती. 21 जण गेले, दोन्ही वैमानिक त्यात होते. 2021 मध्ये आलेला अहवाल म्हणतो की सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटलं होतं आणि ते मानलं न गेल्यावर त्याने विमानाचा ताबा स्वतःकडे घ्यायला हवा होता, तो त्याने घेतला नाही. कॉकपिटमधल्या अधिकाराच्या उतरंडीचा तीव्र उतारही अहवालाने नोंदवला आहे. दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणासाठी परतण्याची ओढ आणि त्यामागची कॅप्टनांची कमतरता, हेही तो सांगतो. म्हणजे दोष एका मृत माणसाच्या माथी मारून फाइल बंद करता येणार नाही. वायपर बंद पडणं ही बिघाडांच्या यादीत किती किरकोळ गोष्ट! आणि नियम तर होताच. पण ज्याला रोज ‘सर’ म्हणायचं आणि ज्याच्या एका शेऱ्यावर पुढची बढती ठरू शकते, त्याच्या हातून काही सेकंदांत विमान काढून घ्यायचं, हे कागदावर लिहून येत नाही. त्याचा सराव लागतो, आणि तसं केल्यावर कुणी वाटेला जाणार नाही याची खात्री लागते. (12 जून 2025 च्या अहमदाबादच्या अपघातावर मी इथे काहीच लिहीत नाही. चौकशीआधी निकाल देणाऱ्यांची संख्या तशीही पुरेशी आहे.)

दुसरा आक्षेप शिस्तीचा, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. विमान म्हणजे ग्रामसभा नव्हे. कायद्याने जबाबदार कॅप्टन एकटा, संकटात दहा तोंडं दहा गोष्टी बोलू लागली तर निर्णय घ्यायचा कधी? शिवाय दहा हजार फुटांखाली अनावश्यक बोलणं निषिद्ध ठेवणारा नियम आहे, तो उगाच नाही. हे सगळं मान्य. पण माहिती देणं आणि निर्णय घेणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सू सिटीला निर्णय शेवटपर्यंत हेन्स यांचेच होते, त्यांच्या अधिकाराला कुठेही बाधा आली नाही. जो कॅप्टन ‘माझं काही चुकतंय का, बघा’ असं आधीच म्हणून ठेवतो, त्याला ऐनवेळी गोंगाट ऐकावा लागत नाही, नेमका तोच शब्द ऐकू येतो. शिवाय काही प्रसंगी निर्णयसुद्धा खालच्या माणसाकडे असावा लागतो. 2 जानेवारी 2024 ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर ए350 विमान धावपट्टीवरच्या दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं. उद्घोषणा यंत्रणा बंद पडली होती. मागचं दार केबिन क्रूने वरून हुकूम येण्याची वाट न पाहता स्वतःच्या अंदाजाने उघडलं. आठपैकी तीनच दारं वापरता आली, तरी त्या विमानातले 379 च्या 379 जण बाहेर पडले. जपानी समाजात थोरामोठ्यांचा मान आपल्यापेक्षा कमी आहे असं कुणी म्हणणार नाही. त्यामुळे ‘आपली संस्कृतीच तशी’ ही सबबही इथे टिकत नाही. तिथे दाराशी उभ्या असलेल्या माणसाला तो अधिकार आधीच दिलेला होता आणि तो वापरण्याचा सराव करून घेतलेला होता.

म्हणून मागण्या. वैमानिक आणि केबिन क्रू यांचा आणीबाणीचा सराव वर्षातून एकदा तरी एकाच खोलीत, एकाच प्रसंगावर घ्यावा. त्यात कॅप्टनला मुद्दाम चूक करायला लावावी आणि धाकटा ती थांबवतो का, यावर गुण द्यावेत. पडद्यावर स्लाइड दाखवून सह्या घेणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. दुसरं, वैमानिकाने ‘मेडे’ पुकारलं किंवा विमान वाटेत दुसरीकडे उतरवलं की चौकशीसाठी त्याला ड्यूटीवरून बाजूला ठेवतात. ठेवावं, पण ती शिक्षा नाही हे आपल्या कार्यालयाने त्याच दिवशी जाहीर सांगावं. वर्तमानपत्रात ‘वैमानिकाला हटवलं’ असं छापून येतं ते इतर हजारो वैमानिक वाचतात, आणि पुढच्या खेपेला मदत मागायला मिनिटभर उशीर करतात. तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची. आपल्या चुका आणि साहेबांच्या चुका निर्धास्तपणे कळवता येतील अशी खिडकी परवाना रद्द करणाऱ्या कार्यालयाच्या इमारतीत नको. अमेरिकेत 1976 पासून असे अहवाल नासा स्वीकारते, तिच्या हातात परवाने नाहीत म्हणूनच. आपल्याकडे हे काम एखाद्या आयआयटीकडे सोपवता येईल.

‘मग बेफिकीर माणसं याच आडोशाला लपतील,’ असं आपले अधिकारी म्हणतील. लपू देऊ नका. दारू पिऊन आलेला, मुद्दाम नियम मोडणारा, खोटा लॉग लिहिणारा यांना संरक्षण देऊ नये असंच माझंही मत आहे. पण प्रामाणिक चूक आणि वेळेवर उघडलेलं तोंड यांना त्यांच्याच पंगतीला बसवलं, तर पुढची चूक आपल्याला कळेल ती ब्लॅक बॉक्समधून. तेव्हा कळवणारा हयात असेलच असं नाही.

शेवटी एक साधी विनंती. यातल्या बऱ्याचशा गोष्टी मंगळूर आणि कोळिकोडच्या चौकशी अहवालांनी आपल्याला आधीच सुचवलेल्या आहेत. त्या दोन्ही अहवालांतली प्रत्येक शिफारस घ्यावी, तिच्यासमोर ‘अमलात आली’ किंवा ‘आली नाही’ एवढंच लिहावं, तारीख टाकावी आणि तो तक्ता हिंदी, इंग्रजी, मल्याळम, कन्नड आणि मराठीत आपल्या संकेतस्थळावर लावावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि पैसाही लागत नाही. कोळिकोडला येत्या पावसाळ्याचे ढग जमायच्या आत तो लागलेला दिसावा.

आपला,
तिकीट काढून विमानात बसणारा एक नागरिक